पगार चाळीस दिवस उशिरा आणि वर बॉण्ड: निघू, की चार पट्ट्या मिळेपर्यंत थांबू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कुडाळ तालुक्यातला २८ वर्षांचा तरुण. एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर-७२ या प्रोपेलरच्या छोट्या विमानावर को-पायलट म्हणून दोन वर्षं आठ महिने झाले. नेमणूकपत्रात स्थिर पगार ५५,००० रुपये, शिवाय ताशी १,५०० रुपयांनी महिना किमान ७० तासांची हमी. गेल्या जूनमध्ये कंपनीने एका ई-मेलने ही हमी ४५ तासांवर आणली. पगार आता चाळीस दिवस उशिरा होतो. लायसन्ससाठी ४८ लाखांचं कर्ज, तारण घरची आंबा-काजूची बाग, हप्ता ६०,०००. बॉण्ड पाच वर्षांचा, १८ लाखांचा, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर ही रक्कम कंपनीला द्यायची. एकूण उड्डाण १,३८० तास. कंपनी म्हणते, 'वर्षभरात कॅप्टन करतो,' म्हणजे खांद्यावर चार पट्ट्या. मोठ्या कंपनीत ए-३२० या मोठ्या जेट विमानावर को-पायलटची जागा मिळू शकते. वाचक विचारतात: 'बॉण्ड मोडला तर लायसन्स जाईल का? सरळ जाणं बंद केलं तर काय होईल? वडील म्हणतात, आज ना उद्या चिपीला (सिंधुदुर्ग विमानतळावर) बेस, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण मिळेल, लांब कशाला जातोस. मी कुणाचं ऐकू?'

उत्तर:

तुम्ही पत्रात पगार 'एक लाख साठ हजार' असा लिहिला आहे आणि तिथेच पहिली गल्लत आहे. पायलटचा पगार हा एक आकडा नसतो. ५५,००० पक्के. बाकीचे १,०५,००० म्हणजे ७० तासांच्या हमीचे पैसे. तुमच्या १,३८० तासांतून लायसन्सचे २०० तास आणि सुरुवातीच्या ट्रेनिंगचे महिने वजा केले, तर तुम्ही महिन्याला सरासरी ४५ तासच उडत आलात. म्हणजे त्या ७० तासांपैकी २५ तासांचे पैसे न उडता मिळत होते, आणि कंपनीने नेमके तेच कापले. आता हाती येतात १,२२,५००. कापले गेलेले ३७,५०० म्हणजे हप्त्याचा निम्म्याहून मोठा भाग.

हमी असते कशासाठी, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जून-जुलैत ढग खाली उतरले, धावपट्टी दिसेना, की फेरी रद्द. छोट्या विमानतळांवर उतरायला मदत करणारी यंत्रणा मोठ्या विमानतळांइतकी नसते, त्यामुळे फेऱ्याही तिथल्याच आधी रद्द होतात. विमान जागेवरून हललं नाही तर तास मोजले जात नाहीत. पायलट मात्र गणवेश घालून पहाटे साडेचारपासून हजर असतो. ही हमी म्हणजे पायलटची आगोटीची बेगमी, आणि कंपनीने ती ऐन जूनमध्ये काढून घेतली.

दुसरी गोष्ट, जी बाहेरच्यांना दिसत नाही. तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. समजा तुमच्या रोस्टरवर (ड्युटीच्या वेळापत्रकावर) सहा सेक्टर, म्हणजे सहा उड्डाणं आहेत, प्रत्येक ५५ मिनिटांचा. पैसे मिळतील साडेपाच तासांचे. मधले पाच थांबे अर्ध्या-अर्ध्या तासाचे: इंधन भरून घ्यायचं, वजनाचा कागद तपासायचा, पावसात रेनकोट चढवून विमानाभोवती फेरी मारायची, टायर आणि प्रोपेलर बघायचे, डब्यातले दोन घास उभ्या-उभ्या खायचे. ते अडीच तास. आधीचा एक तास रिपोर्टिंगचा, शेवटचा अर्धा तास कागदपत्रांचा. ड्युटी साडेनऊ तास, पैसे साडेपाचचे. ए-३२० वरचा को-पायलट त्याच साडेनऊ तासांत दोन तास दहा मिनिटांचे तीन सेक्टर करतो आणि साडेसहा तासांचे पैसे घेतो. त्याची लँडिंग तीन, तुमची सहा. एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे पावसाळी ढगांच्या माथ्यावरून निघून जायची सोयही नाही. ताशी दर सारखा असता तरी तुमचाच तास महाग पडला असता. 'छोटं विमान, छोटं काम' असं घरच्यांना वाटत असेल तर हा हिशोब त्यांना दाखवा.

आता तुम्हाला सर्वांत जास्त भीती आहे त्या बॉण्डकडे येऊ. बॉण्ड आणि नोटीस पीरियड या दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या पत्रात एकत्र झाल्या आहेत. बॉण्ड हा तुमच्या आणि कंपनीमधला पैशांचा करार. तो मोडला तर कंपनी पैसे मागेल, वकिलाची नोटीस पाठवेल, दावा लावेल. लायसन्स डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) दिलेलं असतं, बॉण्डपायी ते जात नाही. नोटीस पीरियड मात्र डीजीसीएच्या नियमात आहे. ऑगस्ट २०१७ पासून को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला (कॅप्टनला) एक वर्ष नोटीस द्यावी लागते. नवी कंपनी जुनीची एनओसी (ना हरकत पत्र) मागते. 'सरळ जाणं बंद केलं तर' याचं उत्तर म्हणून, नाही, ते करू नका. २०२३ मध्ये नोटीस न पाळता पायलट निघून गेले म्हणून एक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तुमची बाजू भक्कम असताना स्वतःच्या हाताने तिला भोक पाडायचं कशाला?

बाजू भक्कम का, तेही सांगतो. नोटीस पीरियडमध्ये पायलटने उड्डाणाला नकार द्यायचा नाही, तसंच कंपनीनेही त्याचे हक्क आणि सवलती काढून घ्यायच्या नाहीत, असं तोच नियम सांगतो. पगाराचं बोलायचं तर वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. पूर्वीच्या वेतन कायद्याला पगाराची मर्यादा होती, त्यामुळे पायलट त्यात बसत नसत. आता ती अट नाही. दरमहा आठ तारखेला एचआरला दोन ओळींचा ई-मेल पाठवा: 'अमुक महिन्याचा पगार आजपर्यंत जमा झालेला नाही.' भांडण नको, उपदेश नको. असे सहा मेल साठले की तो पुरावा होतो. हमी ४५ वर आणल्याच्या मेललाही उत्तर द्या: 'हा बदल मला मान्य नाही, नेमणूकपत्रातल्या अटी कायम आहेत असं मी समजतो.' आजवर तुम्ही गप्प राहिलात. उद्या त्या गप्प राहण्यालाच संमती म्हटलं जाईल.

बॉण्डच्या रकमेचं काय? तुमचे ३२ महिने झाले, २८ उरले. बॉण्डमध्ये रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते असं कलम असेल तर १८ लाखांचे ८ लाख ४० हजार होतात. ते कलम आहे का, हे आधी शोधा. नसलं तरी १८ लाख म्हणजे १८ लाखच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि त्याच्या आत वाजवी भरपाई ठरते. दुसऱ्या बाजूला, 'नोकरीचे बॉण्ड कोर्टात टिकतच नाहीत' हे मित्रांचं म्हणणंही खोटं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. म्हणून कंपनीने तुमच्या टाइप रेटिंगवर (त्या प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणावर) प्रत्यक्ष किती खर्च केला, सिम्युलेटर कुठे होता, किती तास झाले, बिल कुणाच्या नावावर, हे आठवून लिहून काढा. बॉण्डबरोबर कोरे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक टिपून ठेवा. असा चेक वटला नाही की फौजदारी तक्रार होऊ शकते आणि मग बोलणी तिथे अडकतात. वकिलाकडे जायचं ते राजीनाम्याच्या आधी. राजीनामा दिल्यावर गेलात तर वकिलाच्या हाती फारसं काही उरत नाही.

आता कॅप्टन होण्याबद्दल. तुमच्या मनात असं आहे की थांबलो तर चार पट्ट्या मिळतील आणि निघालो तर पुन्हा शून्यापासून. यात थोडं खरं आहे. ए-३२० वर तुम्ही कनिष्ठ को-पायलट व्हाल आणि तिथे कमांड मिळायला वर्षं लागतील. पण नोटीसचा नियम पुन्हा वाचा. को-पायलटची नोटीस सहा महिने, कमांडरची बारा. ज्या दिवशी ट्रेनिंग संपून तुम्ही कमांडर म्हणून रिलीज व्हाल त्या दिवशी तुमचा बाहेर पडायचा रस्ता दुप्पट लांब होईल, आणि कमांड ट्रेनिंगच्या नावाखाली नवा बॉण्ड पुढे येण्याचीच शक्यता जास्त. पगार उशिरा देणारी कंपनी कॅप्टनकीचं आमिष दाखवते तेव्हा तिला कॅप्टन हवा असतो हे खरंच आहे. तिला त्याहून जास्त हवा असतो तो न जाणारा कॅप्टन.

म्हणून मी प्रश्न वेगळा मांडतो. चार पट्ट्या की ए-३२०, हे नंतर ठरवा. ही कंपनी दोन वर्षांनी असेल का, हे आधी बघा. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ ला. दोन्ही मोठ्या कंपन्या होत्या, आणि दोन्हीकडे पगार थकलेले पायलट मागे राहिले. त्यानंतर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यामुळे भाडं थकलं तर विमानमालकाला विमान परत नेणं सोपं झालं. मालकासाठी ते योग्यच आहे. पण पाच-सहा भाड्याच्या विमानांवर चालणाऱ्या कंपनीतल्या पायलटला सावरायला मिळणारा वेळ त्याने कमी झाला.

हे ओळखायचं कसं? ताळेबंद वाचायची गरज नाही. पहिलं, आयकराच्या पोर्टलवर जाऊन तुमचा २६-एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडा. पगारपत्रकात कापलेला टीडीएस तिथे दिसतो का? लगेच पीएफचं पासबुक बघा. पगार दहा दिवस मागेपुढे होणं ही रोकड टंचाई. कापलेला टीडीएस आणि पीएफ सरकारकडे न भरणं म्हणजे कंपनी तुमच्याच पैशांवर दिवस काढते आहे. पहिलं खपवून घेता येतं, दुसरं नाही. (टीडीएस कापल्याचा पुरावा पगारपत्रकात असेल तर तोच कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. म्हणून पगारपत्रकं डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा.) दुसरं, हँगरकडे लक्ष द्या. एका विमानाचे सुटे भाग काढून दुसऱ्याला लावले जातात का? एखादं विमान तीन आठवडे हललेलं नाही असं आहे का? तिसरं, सहामाही प्रोफिशियन्सी चेकसाठी (कौशल्याच्या चाचणीसाठी) सिम्युलेटरची तारीख पुढे-पुढे ढकलली जाते का? चौथं, मुक्कामाचं हॉटेल अचानक बदललं का, किंवा चेक-इनला 'कंपनीचं पेमेंट बाकी आहे' असं ऐकू येतं का? यातली दोन लक्षणं एकदम दिसली तर कॅप्टन व्हायची वाट बघू नका.

मार्गही बघा. तुमच्या कंपनीचे किती मार्ग उडान या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमानसेवा योजनेतले आहेत? तिथे सरकारची तूट-भरपाई तीन वर्षं मिळते, पुढे मार्गाने स्वतःच्या पायावर चालायचं. चिपीचं उदाहरण घरातलं आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईची फेरी सुरू झाली आणि योजनेतली तीन वर्षं सरल्यावर २०२४ मध्ये ती बंद पडली. अडीच हजार मीटरची धावपट्टी तशीच आहे, प्रवासीही आहेत, पण त्या भाड्यात खर्च निघेना. वडिलांना हे समजावून सांगा. चिपीला विमान येतं म्हणजे चिपीला बेस होतो असं नाही. बेस तिथे, जिथे विमान रात्री मुक्कामाला असतं, इंजिनिअर असतो, सुटे भाग असतात. एक फेरी येऊन तासाभरात परत जाणार असेल तर पायलट तिच्याबरोबर परत जातो. घराजवळ बेस मिळेल या आशेवर कमी पगार घेणं हा सौदा तुमच्या बाबतीत आजवर झालेलाच नाही. तुम्ही आताही घरापासून लांब राहता, तेही भाड्याच्या खोलीत.

माझं मत असं. २६-एएस मध्ये सगळा टीडीएस जमा दिसला आणि वरची लक्षणं नसली, तर तीन महिने थांबा, पण हातावर हात ठेवून नाही. दिसला नाही, तर नवी नोकरी लेखी हातात येताच सहा महिन्यांची नोटीस द्या. दोन्ही वाटांवर पहिलं काम एकच आहे, ते म्हणजे एटीपीएल, कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स. तुम्हाला १,५०० तासांसाठी १२० हवेत, म्हणजे आताच्या वेगाने तीन महिने. नोटीसच्या सहा महिन्यांत ते आरामात होतील. मात्र नुसती बेरीज पुरत नाही. रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडवल्याचे) आणि देखरेखीखालच्या कमांडचे (कॅप्टनच्या नजरेखाली स्वतः जबाबदारी घेतल्याचे) तास वेगळे मोजतात, आणि को-पायलट लोकांचं घोडं बहुतेक या शेवटच्या रकान्यात अडतं. आजच लॉगबुक घेऊन रकाने मोजा आणि कमी पडत असेल तर चीफ पायलटशी बोला. डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरचे तास कंपनीने प्रमाणित करावे लागतात. राजीनामा टेबलावर ठेवायच्या आधी ते सगळे प्रमाणित करून घ्या. नंतर त्याच कामाला तीन-तीन महिने लागतात, आणि का लागतात ते कुणीच सांगत नाही.

नोटीस दिल्यावर काही ठिकाणी रोस्टरवरून नाव गायब होतं. घरी बसलेल्या पायलटचं नुकसान पैशांपुरतं नसतं. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर करन्सी (उडवायची चालू पात्रता) जाते, आणि नव्या कंपनीत आधी ती भरून काढावी लागते. रोस्टर रोज स्क्रीनशॉट करून ठेवा. ड्युटीवर असाल तेव्हा विश्रांतीचे नियमही विसरू नका. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली आहे, आणि एका ड्युटीत लँडिंग वाढली की ड्युटीची मर्यादा कमी होते. सहा सेक्टरच्या रोस्टरवर ही मर्यादा पहिली तपासा. 'माणसं कमी आहेत, जरा समजून घ्या' असा फोन आला आणि तुम्ही थकलेले असाल तर तसं लेखी कळवा. फोनवर 'हो' म्हणून मग कॉकपिटात डोळे मिटण्यापेक्षा ते बरं, मागे सत्तर माणसं बसलेली असतात.

मोठ्या कंपनीचं पत्र आलं की त्यातही आकडा शेवटी वाचा. आधी हे विचारा: ए-३२० चं टाइप रेटिंग कुणाच्या खर्चाने? नवा बॉण्ड किती? ट्रेनिंगच्या महिन्यांत पूर्ण पगार की स्टायपेंड? रुजू व्हायची तारीख पक्की की 'सिम्युलेटर स्लॉट मिळाल्यावर'? हमी किती तासांची, आणि ती कंपनी एकतर्फी बदलू शकते का? स्टँडबायचे (बोलावणं येईल म्हणून तयार बसण्याचे) आणि प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी जाण्याचे पैसे मिळतात का? तुमच्या जुन्या कंपनीला नोटीसचे पैसे भरून ती तुम्हाला लवकर सोडवून घेईल का? ए-३२० वर लाइनवर रिलीज होईपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या फेऱ्या सुरू होईपर्यंत, पाच-सहा महिने सहज जातात. त्या काळात स्टायपेंड हप्त्यापेक्षा कमी असेल, तर आठ हप्ते म्हणजे ४,८०,००० बाजूला असल्याशिवाय पाऊल उचलू नका.

ते नसतील तर बँकेत जा, आणि हप्ता चुकायच्या आधी जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फार काही राहत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करायची विनंती करता येते. क्रेडिट कार्डवर हप्ता भरत असाल तर ते आजपासून बंद करा. सातबारावर बोजा बागेचा आहे, तेव्हा बँकेत जाताना वडिलांना बरोबर न्या. त्यांना पगार उशिरा होतो हे अजून माहीत नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

हे वाचणाऱ्या ज्या घरात मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन पायलट व्हायचं म्हणते, त्यांच्यासाठी एवढंच: बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना बघा, आणि फ्लाइंग स्कूलला पहिला चेक देण्याआधी क्लास वन मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) करून घ्या. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणून बागेवर सही करायच्या आधी हप्त्याचा आकडा एका कागदावर आणि ४५ तासांचा पगार दुसऱ्या कागदावर लिहा. ७० तासांचा पगार लिहू नका.

कंपनी मध्येच बंद पडली आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तर थकलेल्या पगाराचा दावा फॉर्म डी भरून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ती प्रक्रिया चालवणाऱ्या व्यक्तीकडे) द्यायचा असतो, आणि त्याला मुदत असते. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँकेचे उतारे आणि आठ तारखेचे ते मेल लावले की दावा उभा राहतो. सगळं आपल्या खासगी ई-मेलवर पाठवून ठेवा, आणि राजीनाम्याची प्रत तर न विसरता. कंपनीचा मेल आयडी बहुतेक त्याच संध्याकाळी बंद होतो.